आबांचा पाय दुखत नाही, त्याचीच काळजी

पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही इंदापूर तालुक्यातले, शेतकरी. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ६४ वर्षांचे आहेत. १२ वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. टाचांना इतक्या भेगा पडल्यात की चादरीला अडकतात. उजव्या पायाच्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी कुरूप झालंय. ते अधूनमधून ब्लेडनं तासतात. मागच्या आठवड्यात मेडिकलमधून कुरपाची पट्टी आणून लावली. आता तिथं मधोमध काळपट डाग दिसतोय. विचारलं तर म्हणतात, "काही दुखत नाही, डोकं खाऊ नका." उसाला दारं धरून धरून बोटांच्या बेचक्यांत चिखल्याही झाल्यात. शेजारच्या काकू म्हणतात, भेगांत बिब्बा भरा. आबा दरवर्षी तुकोबांच्या पालखीबरोबर देहूहून चालत पंढरपूरला जातात. यंदाही जाणारच म्हणतात. वारीला दोन महिने राहिलेत. त्यांना कुठलं मलम लावू, कुठली चप्पल घेऊ? आणि माझीही टाच सकाळी उठल्या उठल्या फार दुखते, त्याला काय करू?
— एक सून

उत्तर

ताई, मलम आणि चप्पल नंतर बघू. आधी तो काळपट डाग. कुरपाची पट्टी अजून पायाला असेल तर हे वाचून झाल्याबरोबर काढायला सांगा. पाय साध्या पाण्यानं धुवा, मऊ फडक्यानं टिपा, वर कोरडी स्वच्छ गॉज पट्टी ठेवा आणि दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना पाय दाखवा. तोवर आबांनी रानात जायचं नाही, घरातही कामापुरतंच चालायचं.

एवढी घाई का, ते सांगते. कुरूप किंवा घट्टा म्हणजे सतत दाब पडून जाड झालेली मेलेली कातडी. ती जितकी जाड होते तितकी आत रुतते आणि खालचं जिवंत मांस चेपत राहते. चेपून चेपून तिथं बारीक रक्तस्राव होतो आणि तोच वरून काळा किंवा तपकिरी दिसतो. मधुमेही माणसाच्या घट्ट्यात असा डाग दिसला की खाली जखम तयार होते आहे किंवा झालेलीच आहे असं धरून चालावं लागतं. वरचं टणक झाकण काढेपर्यंत ती दिसत नाही. आत पू झाला तर त्याला बाहेर यायला वाट नसते, मग तो खोल, हाडाकडे जातो.

कुरपाच्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असतं. ते कातडी विरघळवतं, पण मेलेली कातडी कुठं संपली आणि जिवंत कुठं सुरू झाली हे त्याला कळत नाही. पायाला जाण असलेल्या माणसाची आग व्हायला लागते आणि तो पट्टी ओरबाडून काढतो. आबांना आग झालीच नसेल. म्हणून मधुमेह असलेल्या कुणीही ही पट्टी लावायची नाही. मेडिकलवाले मागितली की देतात, विचारत नाहीत, याची मला खरोखर चीड येते.

तुम्ही भेगा, कुरूप, डाग आणि न दुखणं अशा चार गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्यात. मला त्या एकाच दुखण्याच्या वाटतात. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू निकामी होतात, आणि सगळ्यांत लांब असलेल्या, म्हणजे बोटांच्या टोकांच्या नसा आधी जातात. घाम आणणाऱ्या नसा गेल्या की कातडी कोरडी पडते आणि भेगा पडतात. पावलातले छोटे स्नायू चालवणाऱ्या नसा गेल्या की बोटं वाकडी होतात, चवड्याची हाडं खाली येतात आणि सगळा भार एकाच जागी पडून घट्टा होतो. आणि वेदना कळवणाऱ्या नसा गेल्या की हे सगळं होत असताना माणूस म्हणतो, काही दुखत नाही. आबा खोटं बोलत नाहीत, हट्टही करत नाहीत. त्यांच्यापर्यंत निरोपच पोचत नाहीये.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक काम करत होते. त्या काळी कुष्ठरोग्यांची बोटं रोगानं झडतात असंच सगळे मानत. ब्रँड यांनी रुग्णांचं दिवसरात्र निरीक्षण करून दाखवलं की बोटं आपोआप झडत नाहीत. बधिर हातानं गरम भांडं उचललं जातं, बधिर पाय खिळ्यावर पडतो, जखम झाली तरी माणूस तसाच चालत राहतो, आणि या न कळलेल्या इजा साठत जाऊन बोटं जातात. मधुमेहाच्या पायाकडे बघायची आमची सगळी दृष्टी तिथूनच आली आहे. ज्या पायाला दुखत नाही तो पाय डोळ्यांनी आणि हातांनी राखावा लागतो.

आबांच्या पायाला जाण किती उरली आहे, हे आज रात्रीच घरी कळू शकेल. आबांना खाटेवर आडवं करा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या मिस्टरांनी किंवा सासूबाईंनी तर्जनीच्या टोकानं आबांच्या पायाच्या बोटांना एकेक करून हलकेच स्पर्श करायचा. उजव्या पायाचा अंगठा, मधलं बोट, करंगळी आणि डाव्या पायाची तीच तीन बोटं. स्पर्श एखाद-दोन सेकंदांचा, पिसासारखा. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, एका बोटाला दुसरी संधी द्यायची नाही. कळलं की आबांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांना कळलं नाही, तर पायाची राखण करणारी संवेदना गेली असं समजायचं. इंग्लंडातल्या इप्सविच गावाच्या नावानं ही तपासणी ओळखली जाते आणि साधी असली तरी भरवशाची आहे. निकाल कागदावर लिहून दवाखान्यात न्या.

दवाखाना म्हणजे कुणाकडे? पुण्यात मधुमेही पायांसाठी वेगळे दवाखाने आहेत. तितकं लांब जाणं झालं नाही तर बारामतीला जनरल सर्जन गाठा. "मधुमेह आहे, घट्ट्याखाली काळं दिसतंय" एवढं पहिल्याच वाक्यात सांगा. ते घट्टा तासून खाली काय आहे ते बघतील. आबांचा ब्लेड आणि सर्जनचा ब्लेड यांत फरक आहे, हे आबांना सांगा: सर्जनला थांबायचं कुठं ते दिसतं, आणि त्याचं हत्यार निर्जंतुक असतं. गरज वाटली तर हाडाचा एक्स-रे काढतील. दहा ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूनं आणि ट्यूनिंग फोर्कच्या कंपनानं संवेदना तपासतील. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बघायचं त्यांच्याकडून राहिलं, तर तुम्ही आठवण करा. नाडी लागत नसेल तर रक्तपुरवठा कमी आहे, आणि मग सगळं गणित बदलतं. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबलं की बरं वाटतं, असं आबांना होतं का तेही विचारून ठेवा. विडी असेल तर ती आता सुटलीच पाहिजे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीएवनसी तपासणीही याच वेळी करून घ्या, कारण साखर वर असेल तर जखम भरत नाही.

आता भेगा. बिब्बा अजिबात नको. बिब्ब्याच्या तेलानं कातडी उतते, फोड येतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, तरी काट्यापासून कुरपापर्यंत सगळ्याला बिब्बा सुचवला जातो. बधिर पायाला चटका कळणार नाही आणि भेगेच्या जागी भाजल्याची जखम होईल. काकूंचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखावू नका, पण बिब्बा उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका.

भेगांना लागतो तो ओलावा, रोजचा. आंघोळीनंतर पाय टिपून कातडी किंचित ओलसर असतानाच १० ते २५ टक्के युरिया असलेलं क्रीम टाचांना लावायचं, रात्री झोपताना पुन्हा. ते मिळालं नाही तर साधं पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेलही चालतं, रोज लावलं तर. कोकणात भेगांवर कोकमाचं तेल लावतात, त्याला मुठेल म्हणतात. ते चांगलंच आहे, मलाही आवडतं, पण रीत अशी की ते वितळवून गरमगरम भेगेत सोडायचं. आबांसाठी ते पूर्ण निवल्यावर, बोटावर घेऊन लावा. बोटांच्या बेचक्यांत मात्र यातलं काहीच लावायचं नाही, तिथं ओल नको. वजरीनं टाच घासायची तर ओल्या कातडीवर, हलक्या हातानं, आणि तीही सासूबाईंनी, बघून. आबांना रक्त आलेलंही कळणार नाही. बादलीत पाय बुडवून बसणं बंद. आंघोळीच्या पाण्याचा अंदाज आबांनी पायानं घ्यायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून घ्यायचा.

चिखल्यांना घाबरायचं कारण नाही, पण हयगयही नको, कारण त्या चिरांतूनच जंतू आत शिरतात आणि एका रात्रीत पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजू शकतो. बहुतेक चिखल्या बुरशीच्या असतात. क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन असं एकच औषध असलेलं मलम घ्या. क्लोट्रिमॅझोल साधारण चार आठवडे लावावं लागतं, टर्बिनाफिन एक-दोन आठवडे. खाज थांबली म्हणून मधेच सोडलं की बुरशी परत येते. खाज, बुरशी, जंतू सगळ्यांवर एकच म्हणून जी मलमं विकली जातात, त्यांत बहुधा स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि बुरशी पसरते. ती नकोत. पाय धुतल्यावर प्रत्येक बेचकं जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं कोरडं करायचं. आणि डॉक्टरांनी रानात जायची परवानगी दिली की दारं धरायला गमबूट, आत सुती मोजे. मोजे भिजले की बदलायचे. गमबूट घालायच्या आधी उलटा करून झटकायचा आणि आत हात घालून चाचपायचा. खडा, बाभळीचा काटा, काहीही निघतं. काटा तळातून आरपार येऊन बुटातच राहिला आणि माणूस दिवसभर त्यावर चालत राहिला, अशा जखमा मी पाहिल्या आहेत. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही डॉक्टरांना सांगा.

चप्पल. आबा बहुधा अंगठ्याची स्लीपर किंवा कोल्हापुरी घालत असतील. दोन्ही आता नकोत. कोल्हापुरीचा तळ कडक असतो, नवी असली की चावते, आणि चावलेलं आबांना कळणार नाही. स्लीपर पायात टिकायला बोटांनी धरून ठेवावी लागते. रस्त्यात स्लीपर पायातून निसटली आणि आबा तसेच पुढं गेले, असं कधी झालंय का, घरात विचारा. झालं असेल तर संवेदना गेल्याची ती पक्की खूण आहे. त्यांना मागं पट्टा असलेली, पुढं रुंद, वरून वेल्क्रोनं सैल-घट्ट करता येणारी, आत मऊ आणि खाली टणक तळ असलेली चप्पल लागेल. दुकानात 'एमसीआर'ची चप्पल म्हणून विचारा. हे मऊ रबर कुष्ठरोग्यांच्या पायांसाठी आपल्याच देशात वापरात आलं, वेल्लोरच्या कामाचा त्यात मोठा वाटा आहे. माप संध्याकाळी द्यायचं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पहिल्या दिवशी तासभरच घालायची आणि काढून पाय बघायचा, कुठं लाल झालं का. मग रोज थोडा वेळ वाढवायचा. घरातही अनवाणी फिरायचं नाही. देवळात चप्पल काढावी लागते, तिथं उन्हात तापलेल्या फरशीवर जाड मोजे घालूनच जायचं. विठोबा मोज्यांना नाही म्हणणार नाही.

आणि रोज रात्री पाय बघायचे. आबांना वाकून तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरायचा, किंवा सासूबाईंनी बॅटरीच्या उजेडात बघायचं. तळवा, टाच, प्रत्येक बेचकं, नखांच्या कडा. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत, नाहीतर नखुरडं होतं. मग हाताची मागची बाजू दोन्ही पावलांवर फिरवायची. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागलं, लाल आणि सुजलेलं दिसलं, जखम कुठंच नाही आणि दुखतही फारसं नाही, तर लोक मुरगळला म्हणतात आणि चोळून घेतात. चोळू नका. मधुमेहात बधिर पायाची हाडं आतल्या आत मोडायला लागली की असंच दिसतं. त्या क्षणापासून पायावर भार द्यायचा नाही आणि डॉक्टर गाठायचा. पसरत जाणारा लालपणा, पू, वास, ताप किंवा अचानक काळं पडलेलं बोट दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

आता वारी. मला माहीत आहे की तुमचं खरं पत्र इथंच आहे.

माळकरी माणसाला 'यंदा जाऊ नका' म्हणणं किती जड जातं, हे मी माझ्या रुग्णांच्या घरांत पाहिलं आहे. म्हणून मी तुम्हाला उडवाउडवीचं उत्तर देणार नाही. घट्ट्याखाली जखम निघाली, तर ती भरायला काही आठवडे लागतात, तेही पायावरचा भार काढला तर. भरल्यावरची कातडीही पुष्कळ दिवस कच्ची असते. देहू ते पंढरपूर अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, पावसात भिजलेल्या पायांनी, रोज उठून चालायचं. जखम निघाली किंवा स्पर्शाच्या तपासणीत दोन किंवा जास्त बोटांना कळलं नाही, तर माझं मत स्पष्ट आहे: आबांनी यंदा पूर्ण वारी पायी करू नये. हा निर्णय तुम्ही सुनेनं त्यांच्या तोंडावर सांगायचा नाही. ते ओझं तुमचं नाही. डॉक्टरांनी सांगायचा, आणि जमलं तर त्यांच्या दिंडीच्या विणेकऱ्यांनी किंवा विश्वासातल्या जुन्या वारकऱ्यानं. आबा तुमचं ऐकणार नाहीत, पण त्यांचं ऐकतील.

वारी सुटली असं मात्र होऊ देऊ नका. तुकोबांची पालखी तुमच्याच तालुक्यातून जाते. बेलवाडीचं गोल रिंगण तुमच्या दारात आहे. तिथं त्यांना गाडीनं न्या, दिवसभर राहू द्या. दिंडीच्या ट्रकमध्ये सामान आणि स्वयंपाक करणारी माणसं असतातच, तिथं आबा बसून जातील, मुक्कामावर भजनाला उभे राहतील, अकलूजच्या, माळीनगरच्या रिंगणाला असतील. वाखरीपासून पंढरपूरचा छोटा टप्पा, जखम पूर्ण बरी असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर, नव्या चपलेत, सावकाश चालता येईल.

आणि समजा जखम निघाली नाही, संवेदना ठीक निघाली आणि डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, तर सवयीची झालेली चप्पलच घालून जायचं. तयारी आतापासून, आठवड्यागणिक थोडं थोडं अंतर वाढवत. मोज्यांचे भरपूर जोड, दुपारच्या विसाव्याला आणि मुक्कामावर बदलायचे. फोड आला तर सुईनं फोडायचा नाही, वाटेवरच्या आरोग्य पथकाला दाखवायचा आणि त्या दिवसाचं उरलेलं अंतर गाडीत. वाटेत लोक प्रेमानं वारकऱ्यांचे पाय चेपतात, गरम पाण्यात शेकतात. चेपायला हरकत नाही, पण गरम पाण्याला आबांनी हात जोडून नाही म्हणायचं. खिशात साखरेची पुडी ठेवायची, आणि एकादशीच्या उपासाला शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं ते निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यायचं.

आता तुम्ही. पत्रात स्वतःला एक ओळ दिलीत, ती सगळ्यांत शेवटी. सकाळी उठून पहिली पावलं टाकताना टाचेत कळ येते आणि चालल्यावर कमी होते, तर तळव्याला ताणून धरणारा जो पातळ पट्टा असतो तो टाचेपाशी दुखावला आहे. खाटेवरून उतरायच्या आधी पंचा चवड्याभोवती घालून पाऊल स्वतःकडे ओढायचं, दहा सेकंद धरायचं, दहा वेळा. दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून मागच्या पायाची पोटरी ताणायची, टाच जमिनीला टेकलेली ठेवून, अर्धा मिनिट. संध्याकाळी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवायची. ही बाटली आबांना देऊ नका, बधिर पायाला बर्फानंही इजा होते. स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहणं बंद, घरातली एक मऊ तळाची चप्पल स्वतःसाठी घ्या. एक्स-रेत हाड वाढलंय असं कुणी सांगितलं तर धास्तावू नका, ते पुष्कळ न दुखणाऱ्या टाचांतही असतं. बरं व्हायला महिने लागतात, पण बहुतेकांचं एवढ्यावरच बरं होतं. तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा टाच रात्री झोपेतही ठणकायला लागली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आबांना नेणार आहात तेव्हा तुमचीही शुगर तपासून घ्या.

सर्जननं घट्टा तासल्यावर खाली काय निघालं, ते मला कळवा. त्यावरून पुढचं लिहीन.